दारी आलेल्या बाळाच्या झोळीत काय घालावे?

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥

 या अंकात दरवर्षी जाणकार मंडळी नामावर लिहितात, पारायणाचे अनुभव लिहितात. मी काही प्रवचनकार नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षे लेजर लिहून निवृत्त झालो. संपादक मंडळींनी यंदा 'तुम्हीही काही लिहा' असा आग्रह केला, तेव्हा मनात आलेला विषय थोडा वेगळा आहे. लहान मुलांचे खाणे. कोणी म्हणेल, दत्तजयंतीच्या अंकात हे काय काढले? पण थोडे थांबा. आपल्या दत्तमहाराजांची कथाच मुळी बाळाला जेऊ घालण्यापासून सुरू होते.

श्रीगुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायातली ती कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमात आले. ऋषी अनुष्ठानाला गेलेले. अनसूयामातेकडे त्यांनी भोजन मागितले आणि ते मागतानाही अवघड अट घातली. मातेने मनात धरले की हे माझ्या लेकरांसारखे आहेत. तिच्या पातिव्रत्याच्या तेजाने तिन्ही देव खरोखरच तान्ही बाळे झाले. मग तिने काय केले? स्तोत्र म्हटले नाही, आरती केली नाही. बाळे भुकेने रडत होती, त्यांना तिने एकेक करून पाजले आणि पाळण्यात घातले. आज संध्याकाळी आपण जो पाळणा हलवतो ना, तो हाच.

आता यातली एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. भिक्षा मागायला आलेला देव आधी मोठा होता, तेव्हा तो अटी घालू शकत होता. बाळ झाल्यावर त्याची मागण्याची शक्तीच संपली. आता आई जे देईल तेच त्याच्या पोटात जाणार. म्हणजे सगळी जबाबदारी देणाऱ्यावर आली. आपल्या घरातले प्रत्येक लहान मूल असेच आपल्या दारी आलेले असते. त्याच्या झोळीत काय पडते हे तो ठरवत नाही, आपण ठरवतो. हे मला पुस्तकातून कळले नाही. घरात घडले म्हणून कळले. तेच सांगतो. खोटे कशाला बोलू, सांगताना जिवाला लागते.

माझा नातू त्या वर्षी सहा वर्षांचा, पहिलीत गेलेला. मुलगा-सून दोघेही नोकरीवर. शाळेतून त्याला आणायचे काम माझे. निवृत्त माणसाला याहून मोठे सुख कोणते? शाळेच्या कोपऱ्यावर एक दुकान आहे. पहिल्या दिवशी त्याने बोट दाखवले, मी दहा रुपयांचे वेफर्सचे पाकीट घेऊन दिले. पोरगे असे खुलले की काय सांगू! दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट. मग ते रोजचेच झाले. कधी वेफर्स, कधी क्रीमची बिस्किटे, कधी रंगीत पाण्याची बाटली. सूनबाई म्हणायची, "बाबा, संध्याकाळचं काही नका ना देऊ, मग तो रात्री जेवत नाही." मी 'हो हो' म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी नातवाला सांगायचो, "आईला सांगायचं नाही हं." आमचे दोघांचे ते गुपित होते. मला वाटायचे, याला प्रेम म्हणतात.

रात्री जेवायला बसले की रडारड. भाजी पुढे आली की तोंड फिरवायचा. मग मोबाइल लावायचा आणि तो पाहत असताना घास कोंबायचे. तेही झाले नाही तर मोठा पेला भरून दूध, त्यात चॉकलेटची पावडर. दिवसाला तीन-चार पेले दूध व्हायचे. आम्ही म्हणायचो, जेवत नाही पण दूध तरी पितो, चांगलेच आहे.

पुढे तो पायऱ्या चढताना दमू लागला. चेहरा फिका पडला. आमच्या सौ.नी दृष्ट काढली, मी गाणगापूरचा अंगारा लावला. श्रद्धेने लावला, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण दोन महिने आम्ही तेवढ्यावरच राहिलो, हे चुकले. अखेर सूनबाईने रजा टाकली आणि त्याला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले. मीही बरोबर गेलो. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.९ निघाले. या वयाच्या मुलाचे ते ११.५ च्या खाली जाऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन दाढा किडलेल्या होत्या. डॉक्टरांनी पोराला जवळ घेतले आणि सहज विचारले, "काय रे, तुला संध्याकाळी खाऊ कोण देतं?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. गुपित फोडू का नको, असा त्याचा चेहरा झाला होता. मग हळूच माझ्याकडे बोट केले. म्हणाला, "आबा देतात."

भक्तहो, बँकेत एकदा माझ्या काउंटरवर कॅश कमी भरली होती, तेव्हा सगळ्यांसमोर मान खाली गेली होती. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत त्याहून खाली गेली. सूनबाई एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला हवे होते असे वाटले. रिक्षात बसल्यावर मीच म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मनापासूनच देत होता." हे वाक्य तर जास्तच लागले. मनापासूनच तर दिले होते. म्हणजे दान मनापासून दिले तरी ते योग्य असतेच असे नाही.

हे एकट्या माझ्या घरचे दुखणे नाही. सरकारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली ६७ बालके रक्तक्षयाची निघाली. म्हणजे तीन बाळे पाळण्यात घातली तर त्यातल्या दोघांच्या अंगात रक्त कमी. यात गरिबाघरची मुले आहेत, तशी माझ्या नातवासारखी डबा-पाण्याची ददात नसलेलीही आहेत. पोट भरलेले असते, पण ज्याने भरायला हवे त्याने नसते.

मासा हा गुरू

त्या रात्री झोप लागेना. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात, तो भाग काढून बसलो. त्यात मासा हाही गुरू आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीला मासा भुलतो आणि जिवाला मुकतो. अवधूत पुढे मोठे मार्मिक सांगतात. अन्न तोडले तर बाकीची इंद्रिये लवकर ताब्यात येतात, पण जीभ उलट जास्तच वळवळते. आणि जोवर जीभ जिंकली नाही, तोवर बाकीची इंद्रिये जिंकली असे म्हणता येत नाही.

मी आजवर हे वाचताना माझ्या जिभेचा विचार करायचो. मला मधुमेह आहे, जिलबी दिसली की माझा मासा होतो. पण त्या रात्री वाटले, माशाला गळ ठाऊक नसतो हे खरे, पण गळ टाकणारा कोणीतरी असतोच ना? आमच्या घरात काठी माझ्याच हातात होती. त्या पाकिटातला माल असा केलेला असतो की मीठ, तेल, साखर यांच्या चवीने हात थांबतच नाही. मोठ्या माणसाचा थांबत नाही, तर सहा वर्षांच्या पोराचा कसा थांबेल?

दुसऱ्या दिवशी जुन्या सवयीने हिशेब मांडला. रोजचे दहा रुपये म्हणजे महिन्याचे तीनशे, वर्षाचे तीन हजार सहाशे. हा झाला पैशांचा. मग बाटलीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली. १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर. म्हणजे २०० मिलिलिटरच्या लहान बाटलीत वीस-बावीस ग्रॅम, चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक बरे. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण चौदाशे उष्मांक लागतात. त्याचे पाच टक्के म्हणजे सत्तर उष्मांक, साखरेत सतराएक ग्रॅम. एका बाटलीतच तो पार! बिस्किटे, चॉकलेटची पावडर, हे सगळे अजून धरलेच नाही. बँकेत एवढा ओव्हरड्राफ्ट मी कोणाला दिला नसता.

आणि दुधाचे काय? डॉक्टर म्हणाले, दूध चांगलेच आहे, पण त्यात लोह जवळजवळ नसते. तीन-चार पेले दुधाने पोट भरले की मूल जेवत नाही, मग लोह यायचे कुठून? त्यांनी लोहाचे औषध दिले, जंतांची गोळी दिली आणि शेवटी म्हणाले, "आजोबा, औषध मी देतो. ताट तुम्ही बदला."

घेवड्याचा वेल

आता ताट बदलायचे म्हणजे काय? इथे मला श्रीगुरुचरित्राचा अठरावा अध्याय उपयोगी पडला. अमरापूर, आपल्या नरसोबाच्या वाडीजवळचे. तिथे एक अत्यंत गरीब ब्राह्मण राहत होता. कोरान्न भिक्षेवर घर चालायचे. ज्या दिवशी भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी दारच्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांवर सगळे दिवस काढायचे. श्रीनृसिंहसरस्वती महाराज त्या घरी भिक्षेला गेले. घरात घेवड्याशिवाय काही नव्हते. तोच शिजवून वाढला. महाराजांनी तो संतोषाने ग्रहण केला. म्हणूनच आपल्याकडे दत्ताच्या नैवेद्याला घेवड्याची भाजी लागतेच लागते.

आधी एवढेच बघा. साक्षात गुरुमहाराज आले म्हणून त्या माउलीने शेजारून उसने आणून काही वेगळे केले नाही. घरात जे शिजते तेच वाढले. आपण काय करतो? घरात भाजी-भाकरी आणि मुलासाठी वेगळे काहीतरी पाकिटातले. म्हणजे त्याला लहानपणापासून आपणच शिकवतो की भाजी-भाकरी ही मोठ्यांची शिक्षा आणि तुझे खाणे निराळे.

आता पुढची कथा. निघताना महाराजांनी तो वेलच मुळासकट तोडला! घरात रडे सुरू झाले. उपाशी दिवसाचा आधारच गेला. पण ब्राह्मणाने विश्वास सोडला नाही. उरलेले मूळ काढायला त्याने खणले आणि खाली द्रव्याने भरलेला कुंभ लागला.

मी ही कथा शंभरदा वाचली असेल. त्या दिवसांत ती वेगळी कळली. काही आधार असे असतात की ते तोडल्याशिवाय खालचे धन दिसत नाही. त्यांचा वेल घेवड्याचा होता, आमचा पाकिटांचा. तोडला तेव्हा आमच्याही घरात रडे झाले. शाळेच्या कोपऱ्यावर नातवाने रस्त्यातच बसकण मारली. जाणारे-येणारे बघताहेत, पोरगे ओरडते आहे, "आबा वाईट आहेत!" पहिले आठ दिवस असे गेले. एकदा तर मी खिशात हात घातलाच होता. मग डॉक्टरांच्या खोलीतले ते बोट आठवले आणि हात बाहेर काढला.

पण नुसता वेल तोडून भागत नाही, हेही सांगतो. मुलाला उपाशी ठेवून वठणीवर आणू, असे कोणी करू नका. आपण वाचलेच की अन्न तोडले म्हणजे जीभ उलट जास्त वळवळते. संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलाला खरी भूक असते. तेव्हा मी पिशवीत डबी नेऊ लागलो. कधी चुरमुरे-फुटाणे, कधी राजगिऱ्याचा लाडू, कधी शेंगदाणे आणि गुळाचा खडा, कधी पेरू किंवा केळे. पहिल्यांदा त्याने डबी ढकलली. चौथ्या दिवशी भुकेने फुटाणे खाल्ले. महिन्याभराने स्वतःच विचारू लागला, "आबा, डबीत काय?"

मधमाशी आणि माधुकरी

अवधूतांचा आणखी एक गुरू म्हणजे मधमाशी. ती एका फुलावर बसून राहत नाही. लहान-मोठ्या सगळ्या फुलांतून थोडे थोडे घेते. यावरूनच भिक्षेला माधुकरी हे नाव पडले. पाच घरी जायचे, प्रत्येक घरचे थोडे घ्यायचे. एका घरी भात, दुसऱ्या घरी भाकरी, कोठे आमटी, कोठे पालेभाजी. निवडायचे नाही, नावे ठेवायची नाहीत. आपल्याकडे कितीतरी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकले, मोठे झाले. महाराजही रोज दुपारी कोल्हापुरात भिक्षेला येतात, अशी आपली श्रद्धा आहे.

मला वाटते, मुलाचे ताट असेच माधुकरीसारखे असावे. थोडे थोडे, पण सगळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारित सूचना काढल्या. त्यातही दिवसभराच्या आहाराचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा आणि उरलेल्या निम्म्यात धान्य, डाळी-कडधान्ये, दूध वगैरे, असे सांगितले आहे. आपल्या आजीला हे कोणी शिकवले नव्हते, पण तिच्या ताटात डावीकडे कोशिंबीर, चटणी, लिंबू आणि उजवीकडे भाजी, उसळ होतीच ना? ती लिंबाची फोडही उगाच नव्हती. लिंबामुळे उसळीतले, पालेभाजीतले लोह अंगी लागते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर ते लागत नाही. आपल्याकडे लहान मुलांनाही बशीत चहा ओतून द्यायची पद्धत आहे, ती सोडलेली बरी.

कोणी म्हणेल, हे सगळे महाग पडते. मी कारकून आहे, हिशेब करूनच सांगतो. दहा रुपयांच्या पाकिटात मूठभरसुद्धा माल नसतो. तेवढ्यात फुटाणे येतात. शेवग्याचा पाला कितीतरी दारांत फुकट गळून जातो. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि आपण ती गरिबाचे धान्य म्हणून टाकून दिली होती. तिची आंबील किंवा गूळ घातलेली खीर करून बघा. मटकीला मोड आणायला पैसे लागत नाहीत, आदल्या रात्री आठवण लागते.

एका ताटात

मुंजीत एक विधी असतो, मातृभोजन. आठ बटू पंगतीला बसतात आणि मुंजमुलगा आईबरोबर एका ताटात जेवतो. नंतर तो भिक्षा मागतो, तीही पहिली आईकडेच. कारंज्याच्या अंबामातेचा नरहरी, म्हणजे आपले श्रीनृसिंहसरस्वती, सात वर्षे ॐकाराशिवाय काही बोलला नाही. मुंजीत आईने पहिली भिक्षा घातली आणि त्याच्या मुखातून ऋग्वेद निघाला. दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसऱ्या भिक्षेला सामवेद. आईच्या हातच्या भिक्षेचा हा महिमा आहे.

यातून मी एवढेच घेतले की मुलाने आपल्याबरोबर बसून आपण खातो तेच खावे. आमच्या घरी आता रात्री साडेआठला सगळे एकत्र बसतात. टीव्ही बंद, मोबाइल कपाटावर. जेवणाआधी श्लोक होतो, तो नातूच म्हणतो, आणि त्यात कोणी चुकले तर ओरडतो. खरी अडचण माझी झाली. मला कारले चालत नाही, दोडका चालत नाही. साठ वर्षे मी ते बाजूला सारत आलो. एके दिवशी पोराने विचारले, "आबा, तुम्ही का नाही घेतलं?" काय उत्तर देणार? घेतले. आता मी दोडका खातो. आवडतो असे म्हणणार नाही, पण खातो. माझी साखरही थोडी खाली आली. नातवाला सुधारायला गेलो आणि आधी मीच सुधारलो, असे झाले.

अनुभवातून चार गोष्टी सांगतो. आजी-आजोबांनी मनावर घ्याव्यात.

पहिली. नवी भाजी एकदा नाकारली म्हणजे आवडत नाही, असे समजू नये. चमचाभर वाढावी, आग्रह करू नये, चार दिवसांनी पुन्हा चमचाभर वाढावी. काही भाज्यांना दहा-पंधरा खेपाही लागतात. नामाची गोडी तरी आपल्याला पहिल्या माळेला कुठे लागली होती?

दुसरी. खाण्याची लाच देऊ नये आणि शिक्षाही करू नये. 'भाजी संपव, मग चॉकलेट देतो' म्हटले की भाजी ही कटकट आणि चॉकलेट हे बक्षीस, असे मुलाच्या मनात कायमचे बसते.

तिसरी. कमी वाढावे, मागून घेऊ द्यावे. पानात टाकायचे नाही हा आपला जुना नियम सोन्यासारखा आहे, पण तो वाढणाऱ्यानेही पाळायचा असतो. डोंगर वाढायचा आणि मग टाकू नको म्हणून कोंबायचे, हे बरोबर नव्हे. पोट भरले असे मूल म्हणाले तर त्याचे ऐकावे. गीतेनेही फार खाणे आणि अजिबात न खाणे, दोन्ही नको म्हटले आहे.

चौथी, आणि हीच सर्वांत अवघड. सुनेने किंवा मुलीने घातलेला नियम आपण पाठीमागून मोडू नये. 'आईला सांगू नको' हे शब्द तर तोंडातून काढूच नयेत. त्याने मुलाचे पोट बिघडते, आणि खोटे बोलण्याचा पहिला धडाही आपल्याच हातून मिळतो. माझ्या हातून तो दिला गेला, म्हणून कळकळीने सांगतो.

आणि मूल सुस्त झाले, वजन उतरले, रंग फिका पडला तर अंगारा जरूर लावा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनाही दाखवा. महाराज डॉक्टरांच्या रूपाने येणार नाहीत, असे त्यांनी कुठे म्हटले आहे?

यंदाचा पाळणा

शेवटी एक कबुली. गेल्या काही वर्षांपासून आपल्या मंदिरात जन्मकाळानंतर मुलांना खाऊ वाटतात, हे आपण पाहता. तीन वर्षांपूर्वी ती सेवा माझी होती. मी मोठ्या हौसेने दोनशे वेफर्सची पाकिटे आणि दोनशे चॉकलेटे वाटली होती. मुलांनी गर्दी केली, मला धन्य वाटले. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या आवारात चकचकीत कागदांचा खच पडला होता.

आपला खरा प्रसाद कोणता? सुंठवडा. तळहातावर चिमूटभर, दोन बोटांनी तोंडात टाकायचा. वाडीचे पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी यांना मी नावे ठेवत नाही. सणाला गोड हवेच. पण प्रसाद हा कणभर असतो, त्याने पोट भरायचे नसते. सणाचे रोज झाले की सणही राहत नाही आणि पोटही राहत नाही.

गेल्या वर्षी पुन्हा ती सेवा मागून घेतली. फुटाणे, गूळ आणि एकेक केळे, कागदी पुडीत बांधून वाटले. खरे सांगतो, निम्म्या मुलांनी नाक मुरडले. एक जण म्हणाला, "काका, मागच्या वेळी वेफर्स होते!" वाईट वाटले. पण काही मुले औदुंबराच्या पारावर बसून केळी खात होती, आणि आमचा नातू त्यांना 'गुळाबरोबर फुटाणे खा, एकदम भारी लागतात' असे शिकवत होता. यंदाही तेच वाटणार आहे. नाक मुरडणारे थोडे कमी होतील अशी आशा आहे. झाले नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा वाटू.

नातवाचे म्हणाल तर औषध सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन ११.४ आले. औषध आणखी काही महिने चालले, पुढे बंद झाले. दाढांचे काम करून घ्यावे लागले, त्याचा त्रास त्याने सोसला, तो काही मला परत घेता येणार नाही. घेवड्याची भाजी अजूनही तो मोजून चारच शेंगा घेतो. पण दत्तजयंतीच्या नैवेद्याची मात्र पूर्ण वाटी संपवतो. का, म्हणून विचारले तर म्हणतो, "महाराजांनी खाल्ली होती ना!"

आज संध्याकाळी पाळण्याची दोरी हातात घ्याल तेव्हा अनसूयामातेला स्मरून एवढेच मागू या. हे माते, घरोघरी तुझी बाळे भुकेली होऊन आमच्या दारी आली आहेत. त्यांच्या झोळीत काय घालावे याची आम्हाला बुद्धी दे. आणि जे त्यांना देऊ, तेच आधी आमच्या पानात वाढून घेण्याचे बळ दे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥